हरणीचा डावा पाय

जगन्नाथराव समेळांनी त्या हरणीची भोकं सहाव्यांदा बुजवायला घेतली, तोवर ते तिच्याशी बोलायला लागले होते. "आता कुठे लागली? मांडीत? अगं बाई, मांडीत परवाच तर लांबी भरली होती!" हरणी काय बोलणार? लाकडाचीच ती. पण साठीचा माणूस दिवसभर सुतारकाम करून घरी येतो, गॅरेजात एकटा उभा राहतो आणि समोर कुणीतरी टकामका बघत असतं, तेव्हा बोलणं होतंच.

ह्या हरणीची नोकरी मोठी वाईट होती. रस्त्याकडेच्या झाडीत उभं राहायचं आणि गोळी खायची. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाच्या आसपासच्या डोंगरांत काही लोक हंगाम सुरू व्हायच्या आधीच, गाडीच्या खिडकीतून बंदूक काढून हरणं पाडायचे. त्यांना पकडायला जंगलखात्याच्या फाउस्ट नावाच्या साहेबाने ही युक्ती काढली होती. पहाटे हरणी उभी करायची आणि आपण झुडपात दडून बसायचं. कुणी गोळी घातली की बाहेर येऊन त्याची गचांडी धरायची. गोळी घालणारा दंड भरून आपल्या घरी जायचा आणि हरणी जगन्नाथरावांच्या गॅरेजात यायची. मग लांबी भरा, घासा, रंग द्या, आणि पुन्हा पाठवा मरायला.

"ह्याला काय काम म्हणायचं?" ते मालिनीबाईंना म्हणायचे. "आमच्याकडे मूर्तीचा कान दुखावला तरी ती ठेवत नसत. पाण्यात सोडायचे. इथे चाळण झाली तरी उभी करतात."

आमच्याकडे म्हणजे पेणला. आजोबा, वडील, चुलते, सगळे गणपतीवाले. जगन्नाथराव मातीत रांगले आणि मातीतच मोठे झाले. वडील कारखान्यात कुणालाही शाबासकी देत नसत. वीस वर्षांच्या जगन्नाथने पहिली अख्खी मूर्ती केली, डोळ्यांची आखणीसुद्धा स्वतःच केली, तेव्हा वडिलांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बसलाय नीट. श्वास नाही घेत." पुढच्या मूर्तीला तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. वडील गेले त्या वर्षीच्या मूर्तीलासुद्धा अंथरुणावरून मान वर करून त्यांनी तेच सांगितलं. आता मेलेल्या माणसाशी भांडणार कसं?

अमेरिकेत जगन्नाथराव आले ते मेहुण्याने बोलावलं म्हणून. मेहुणा विष्णू दोन वर्षांत टेक्सासला शुगर लँडला निघून गेला आणि हे दोघं स्टेट कॉलेजच्या थंडीत मागे राहिले. युनिव्हर्सिटीच्या नाटक विभागात सेट उभारायचं सुतारकाम मिळालं, ते चौदा वर्षं चालू होतं. ऑगस्टात मराठी पोरं "काका, यंदा गणपती?" म्हणत यायची. त्यांच्यासाठी एक मूर्ती करायची, बाकी वर्षभर फळ्या, खिळे आणि थकवा.

ह्या चौदा वर्षांत त्यांना खरा मित्र एकच मिळाला. मर्ल. सेटच्या कामावरचा जुना सुतार, दांडगा, लाल मानेचा. जगन्नाथरावांच्या हातात लाकूड कोरायची पहिली पटाशी त्याने दिली, बर्फात गाडी चालवायला त्याने शिकवलं. बदकांच्या शिकारीला पाण्यावर सोडायची लाकडी बदकंही त्यानेच करायला लावली. खोटी बदकं तरंगताना दिसली की खरी खाली उतरतात. जगन्नाथरावांनी पहिलं बदक असं केलं की चोच, पिसं, डोळे, सगळं बघत राहावं. मर्लने ते तळ्यात सोडलं आणि ते पोट वर करून तरंगायला लागलं. जन्मभर पाटावर बसणाऱ्या मूर्ती केलेल्या माणसाला पाण्यावर तोल सांभाळायचं काय कळणार! मर्ल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग पोटाखाली शिसं ठोकायला शिकवलं. दोन-तीन वर्षांत 'जॅगची बदकं' म्हणून आसपासचे शिकारी मागायला यायला लागले. ते ऐकूनच फाउस्टसाहेब हरणीचं काम घेऊन आला.

साहेबाचं म्हणणं होतं की धड लाकडाचं करा, वरून खरं कातडं चढवू. जगन्नाथराव म्हणाले, मेलेल्याचं कातडं माझ्या हातून चढायचं नाही, मी रंगवतो. साहेब म्हणाला, डोळे काचेचे आणतो. हे म्हणाले, डोळे तर मीच आखणार. दोन महिने ते त्या हरणीला चिकटून होते. साहेबाने एकच अट घातली होती, कुणाला सांगायचं नाही. म्हणजे मर्ललासुद्धा नाही. रोज संध्याकाळी बिअरचा डबा घेऊन गॅरेजात येऊन बसणारा मर्ल, त्याच्या तोंडावर त्यांनी गॅरेजाला कुलूप लावलं. "आतला हीटर बिघडलाय," म्हणाले. ऑगस्टात! मर्लने एकदा कुलपाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि त्यानंतर यायचा तो थांबला. जूनमध्येच त्याला कामावरून कमी केलं होतं, त्यामुळे रोजची भेटही उरली नव्हती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी साहेबाने हरणी आणली ती तीन पायांवर. पुढचा डावा पाय गुडघ्याखाली उडाला होता. "सोमवारी पहाटे लागेल," साहेब म्हणाला.

त्या आठवड्यात नवं नाटक उभं राहत होतं. जगन्नाथरावांनी रोज तेरा-चौदा तास काढले होते. खांदे भरून आले होते, बोटं सुजली होती. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. रविवारी जेवण झाल्यावर ते गॅरेजात उतरले, नवा पाय कोरला, खुंटी मारली, सरस लावला, रंग दिला. मन कुठे होतं देव जाणे, हात आपोआप चालले होते. आणि आपोआप चालणारे हात जिथे जायचे तिथेच गेले, पेणला.

गणपती एक पाय दुमडून बसतो आणि एक पाय खाली सोडतो. तो सोडलेला पाय सैल असतो. बोटं पाटाला जेमतेम टेकतात, कधी टेकतही नाहीत. देवाला कशाला पायावर भार? जगन्नाथरावांच्या हातांनी असे हजारो पाय केले होते, तसाच त्यांनी हरणीला लावला. पहाटे साहेबाचा ट्रक दारात आला, त्यांनी दिवा लावला आणि बघितलं तर डाव्या पायाचा खूर जमिनीपासून जरासा वर. सगळा भार उजव्यावर. दुखऱ्या पायाचं जनावर उभं राहतं तशी हरणी उभी होती.

पेणला असते तर ती मूर्ती त्यांनी तिथल्या तिथे मोडली असती. पण बाहेर साहेब हॉर्न वाजवत होता, सरस वाळून दगड झाला होता, आणि डोळे मिटत होते. "राहू दे," ते म्हणाले. "जनावरच तर आहे."

नऊ वाजता कामावर फोन आला. फाउस्टसाहेब खुशीत होता. "तासाभरात एक जण पकडला! तुमच्याच ओळखीचा असेल, पूर्वी तुमच्याकडेच होता." त्याने मर्लचं नाव सांगितलं. "आणि सबब काय सांगतो माहितेय? म्हणे जनावर लंगडं होतं. तीन पायांवर उभं होतं, हाल बघवले नाहीत म्हणून गोळी घातली. सगळ्यांकडे काहीतरी असतंच!" आणि तो हसला.

जगन्नाथरावांनी फोन खाली ठेवला. साहेबाला ती सबब वाटत होती. पण पाय लंगडा होता हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक ज्याने केला तो, आणि एक ज्याने बघितला तो.

संध्याकाळी ते मर्लकडे गेले. मर्लने जाळीचं दार उघडलं नाही. आतून त्याच्या मुलीच्या दोन पोरांचा आवाज येत होता. मुलगी नवऱ्याला सोडून उन्हाळ्यात बापाकडे आली होती.

"तुझी होती ती?" मर्लने विचारलं.

"माझीच."

"म्हणून कुलूप."

"म्हणून."

मर्लने आतलं लाकडी दार लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने अगदी हलकेच लावलं.

गुन्हा साबीत झाला तर दंड तर होताच, पण बंदूक जप्त होणार होती आणि पाच वर्षं शिकारीचं लायसन्स जाणार होतं. ती बंदूक मर्लच्या बापाची. मर्लच्या घरात सकाळ-संध्याकाळ शिजायचं ते हरणाचंच मांस, आणि आता घरात तोंडं चार. पण जखमी जनावराला हालांतून सोडवायला गोळी घातली असं ठरलं, तर तो गुन्हा धाकटा होता. थोडका दंड देऊन सुटला असता. फक्त ते कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि खरं आहे असं सांगायला हवं होतं.

"तुम्ही कशाला मध्ये पडताय?" मालिनीबाई म्हणाल्या. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटणं थांबवलं नाही. "साहेबाने काम दिलं, तुम्ही केलंत. त्याने गोळी घातली, तो पकडला गेला. तुमचा काय संबंध?"

"पाय मी चुकवला."

"म्हणून भर कोर्टात जाऊन सांगणार, माझं काम वाईट आहे म्हणून?"

"काम वाईट आहे असं नाही. पाय."

"लोक पाय आणि काम वेगळं धरत नाहीत हो." आता त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "मामंजी असते तर काय म्हणाले असते? समेळांची मूर्ती लंगडी आहे असं कुणी म्हणालंय का आजवर? आणि तुम्ही आपल्या तोंडाने म्हणणार. त्या फाउस्टला कळल्यावर कोण देणार आहे तुम्हाला काम? बदकंसुद्धा कुणी घेणार नाही."

ह्यातलं सगळं खरं होतं. जगन्नाथराव त्या रात्री आणि पुढच्या अनेक रात्री तेच मनात घोळवत राहिले. सेट उभारणारा सुतार म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे त्या नटांना. 'जॅगची बदकं' हे एकच नाव त्यांनी ह्या देशात कमावलं होतं. ते आपल्याच हाताने बुडवायचं? त्यांना मर्लचा रागही आला. अरे, गपचूप हंगामाची वाट बघायला काय झालं होतं तुला? दीड महिना! मग ते हलकेच लावलेलं दार आठवायचं आणि राग निघून जायचा.

नोव्हेंबरात तारीख लागली. कोर्ट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाशेजारची एक खोली, आत पंधरा-वीस खुर्च्या. न्यायाधीश चष्मा लावलेली पन्नाशीची बाई. पुरावा म्हणून साहेबाने हरणी आणली होती. ती भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यामुळे काहीच कळत नव्हतं. साहेबाने सगळी हकीकत सांगितली. मर्लने खाली बघत आपलं म्हणणं सांगितलं, जनावर लंगडं वाटलं. मागे बसलेले दोघे-तिघे हसले.

मग जगन्नाथराव उठले. इंग्रजी त्यांचं फळ्या-खिळ्यांपुरतं. त्यांनी सांगितलं की हे मी केलंय, मला एक दाखवायचंय. हरणीला त्यांनी खोलीच्या मधोमध आणून उभं केलं. खिशातून कागद काढला. विजेचं बिल होतं, हाताला लागलं ते. वाकताना कंबरेत चमक आली, तसेच गुडघ्यावर बसले आणि तो कागद हरणीच्या मागच्या एका खुराखाली सरकवायला लागले. गेला नाही. दुसऱ्या खुराखाली, गेला नाही. उजव्या पुढच्या, नाही. डाव्याखालून कागद आरपार गेला आणि पलीकडे निघाला. पुन्हा केलं. पुन्हा निघाला.

"भार नाही," ते म्हणाले. "ह्या पायावर भार नाही. मोडक्या पायाचं जनावर असंच उभं राहतं. मी चुकवला. दमलो होतो, जुन्या सवयीने हात गेला. सकाळी मला दिसलं होतं, तरी मी दिलं."

साहेबाचा चेहरा पडला होता. "तुम्ही तर म्हणालात तयार आहे!"

"म्हणालो. खोटं म्हणालो."

न्यायाधीशबाई खुर्चीतून उठून पुढे आल्या, वाकून बघितलं, कागद स्वतः सरकवून बघितला. "म्हणजे तुमचं काम सदोष आहे असं तुमचं म्हणणं?" त्यांनी विचारलं.

हे वाक्य त्यांच्या तोंडून वदवायचंच होतं त्या बाईला. कायद्याला लागतं तसं. जगन्नाथरावांना वाटलं, उठून जावं. पेणचा कारखाना, वडिलांचा चष्मा, ती भिंतीला टेकून वाळणाऱ्या मूर्तींची रांग, सगळं डोळ्यांपुढे आलं. लाज वाटली. साठी उलटलेला माणूस गुडघ्यावर बसून रडणार होता.

"हो," ते म्हणाले. "माझं काम वाईट झालं."

मर्ल सुटला. रस्त्यावरून गोळी घातल्याचा थोडका दंड, बंदूक परत, लायसन्स शाबूत. फाउस्टसाहेब काही वाईट बोलला नाही, तेच जास्त लागलं. "पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडून बघू," एवढं म्हणाला आणि हरणी जगन्नाथरावांच्याच गाडीत चढवायला हात लावून निघून गेला.

ते गाडीचं मागचं दार बंद करत होते, तेव्हा मर्ल आला. दोन्ही हात खिशात. बराच वेळ तो हरणीकडेच बघत राहिला.

"जॅग," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. सांगू नये असं वाटतं, पण मग मला झोप लागणार नाही."

"बोल ना."

"पाय मी बघितलाच नव्हता."

जगन्नाथरावांचा हात दारावर तसाच राहिला.

"पोरं होती घरात, फ्रीझर रिकामा होता. मला मांस दिसलं, बस्स. पकडल्यावर तोंडाला आलं ते बोललो. लंगडी म्हणालो. ती खरंच लंगडी निघेल हे मला काय माहीत? आज तू तो कागद काढलास तेव्हा मीच चाट पडलो." मर्लची लाल मान आणखी लाल झाली होती. "म्हणजे तू उगाचच... मला माफ कर."

जगन्नाथरावांनी गाडीचं दार लावून टाकलं. चीड यायला हवी होती. चौदा वर्षांचं नाव आत्ता ह्या माणसासाठी गुडघ्यावर बसून पुसून टाकलं होतं, आणि ह्याने पाय बघितलाच नव्हता! जगात ती चूक दिसलेला माणूस एकच होता आणि तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण चिडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

"आणि आणखी एक," मर्ल म्हणाला. "मी चाळीस वर्षं हरणं बघतोय, जॅग. चांगलं उजाडलं होतं, साठ पावलांवर होती. ती माझ्याकडे बघत होती. मी बंदूक खांद्याला लावली आणि तशीच धरून बसलो, गोळी घालवेना. तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. देवाशप्पथ सांगतो, श्वास घेत होती ती."

असं म्हणून तो निघून गेला. जगन्नाथराव गाडीत बसले, पण किल्ली फिरवायला त्यांना बराच वेळ लागला. दोन्ही हात चाकावर ठेवून ते रडले. चांगले रडले. मग नाक पुसलं आणि आरशात बघितलं, तर मागच्या सीटवरून ती टकामका बघत होती. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर मर्लचं खोटं उघडं पडलं. ज्यांना सांगायचं ते तर बावीस वर्षांपूर्वीच गेले.

घरी मालिनीबाई दारातच होत्या. "काय झालं?"

"सुटला."

"आणि तुमचं?"

"साहेब पुढच्या वर्षी दुसरीकडून घेणार आहे."

मालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्यांच्या हातातला कोट घेतला, खुंटीला अडकवला. "आणि तो? तो काय म्हणाला शेवटी? काही म्हणाला की नाही?"

जगन्नाथराव बूट काढायला खुर्चीत बसले. एका बुटाची नाडी सुटेना, तिच्याशी झटत राहिले.

"थँक यू म्हणाला," ते म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."